कोणती चूक?

सुईचं नेढं गेलं कुठे, हेच मास्तरला कळेना. सुई चिमटीत होती, दोऱ्याचं टोक ओठांत धरून धरून मऊ पडलं होतं, खिडकीतून चांगला लख्ख उजेड येत होता आणि तरी दोरा एकदा या बाजूने निसटायचा, एकदा त्या बाजूने... पूर्वी गप्पा मारता मारता ओवायचा तो, बघायचासुद्धा नाही! पण तिथे आत, कोठडीत, सुई नव्हती. आत टोकदार असं काहीच ठेवत नसत, लोकांचं बोलणं सोडलं तर.

"मास्तर, नेढं सुईला आहे, हवेत नाही," मशीनवरून ताई म्हणाली.

ताई थोरली बहीण, दुकान तिचं. कपडे आखूड कर, सैल कर, चेन बसव, अस्तर बदल... आणि मास्तर हे नावही तिनेच ठेवलेलं, तो शिंपीकाम शिकला त्याच्याही आधी. तो हसला. काल संध्याकाळी सुटून आल्यापासून तो कशालाही हसत होता. भाचीच्या तोंडाकडे बघून हसला – त्याला नेलं तेव्हा तिचे पुढचे दात नुकतेच पडले होते, आता चांगले फावड्याएवढे नवे आले होते! दाजींच्या घोरण्यालाही हसला. इतकं मोकळं वाटत होतं की मध्येच धास्ती वाटायची... हे आपलंच ना, की दुसऱ्या गिऱ्हाइकाचं चुकून आपल्या पिशवीत आलंय?

ओवला एकदाचा. समोर एका बाईंचा कोट होता, खालचं बटण तुटलेला.

याच दुकानातून नेलं होतं त्याला, गळ्यात टेप तसाच. या देशात राहायच्या परवान्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून त्याने वेळेत अर्ज केला होता. उत्तर यायचं ते राहिलं बाजूला, सरकारी माणसंच न्यायला आली. का, ते कुणी सांगितलं नाही. न्यायाधीशांपुढे उभं करू म्हणाले, लवकरच. ते मेलं लवकरच काही संपेचना! आत एकाच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं, तर याने घोंगडीतून दोरा उपसून, नखाने भोकात ढकलून ते बसवलं. पहारेकऱ्याने विचारलं, घोंगडी कुणी उसवली? हा उभा राहिला – चूक झाली. तेव्हापासून ते दोन शब्द जिभेवरच बसले. रांगेत मागे राहिला, चूक झाली. पुढे गेला, चूक झाली. म्हटलं की समोरचा निघून जायचा.

म्हणून फोनवर दुभाष्याने सांगितलं की परवा सुनावणी आहे, तेव्हा त्याला वाटलं, झालं, आता मोठे साहेब सुनावणार. खाली मान घालून ऐकायचं, दुसरं काय! पण साहेबांना झाली होती सर्दी. नाक पुसत त्यांनी याच्याऐवजी पलीकडच्या सरकारी वकिलांना विचारलं, "या माणसाला इतके दिवस कशासाठी ठेवलंय?" ते कागद चाळायला लागले. चाळतच राहिले... मग साहेब याच्याकडे वळले. तुम्हाला काही सांगायचंय?

"चूक झाली, साहेब."

त्याच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "कोणती?"

कोणती! त्याने शोधली हो, मनापासून शोधली. सगळे खिसे उलटे करून बघावेत तशी. "सापडत नाही, साहेब," तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. निकाल लागेपर्यंत यांना घरी जाऊ द्या, असा हुकूम झाला. पुढची तारीख महिन्याने.

"अरे, हे काय करून ठेवलंस?" ताईने कोट उचलून धरला. बटण बोटभर खाली बसलं होतं. लावलं की कोट एका अंगाला लोंबत होता.

"चूक झाली," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता थबकला. ही झाली होती. ही दिसत होती! बोट ठेवता येत होतं तिच्यावर. किती बरं वाटलं त्याला... त्याने कात्रीच्या टोकाने टाके उचलले, एकेक, सावकाश. बटण हातात आलं, कापडावर नुसते बारीक ठिपके उरले.

महिन्याने काय होईल कोण जाणे. परत आत घातलं तर? तरी मनातल्या मनात तो साहेबांपुढे उभा राहिला, या वेळी मान वर करून. साहेब, चूक असेल तर दाखवा. अशी बोट ठेवून दाखवा, मी उसवून देतो. पण नसेलच... नसेल, तर मग चूक झाली, हे कुणी म्हणायचं?

शेवटचं तेवढं तोंडातून निसटलंच. ताईचं मशीन थांबलं. "काय म्हणालास?"

काही नाही, असंच तो म्हणणार होता. पण त्याने तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.