पंखा थांबला तेव्हा

तिसरं प्रकरण लाल शाईनं माखून परत आलं होतं. नंदिनीनं ते नत्थूच्या टेबलावर ठेवलं तेव्हा तिचा चेहरा पार उतरलेला होता. मार्गदर्शकबाईंनी खाली लिहिलं होतं, 'सिद्धान्त दुसऱ्यांचे, कादंबरी दुसऱ्याची. यात तुमचं काय?' शुक्रवारी प्रबंध जमा करायचा होता. वाढवून मिळालेली ही शेवटची मुदत; ती हुकली की सहा वर्षं पाण्यात.

नत्थू मेश्राम तीस वर्षं नंदनवन वस्तीतल्या दुकानात प्रबंध टाइप करत आला. त्याच्या बोटांखालून किती जण डॉक्टर होऊन गेले, त्याचं त्यालाही ठाऊक नाही! पण नेम एकच, लिहिणाऱ्याच्या मजकुरात हात घालायचा नाही. चूक दिसली तर पेन्सिलनं बाजूला टिंब करायचं आणि गप्प बसायचं. मत देणं तर लांबच राहिलं.

नंदिनीच्या अभ्यासाची कादंबरी एका इंग्रज अधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली, आपल्याच भागातली. तिच्यात एक पंखेवाला येतो. व्हरांड्यात बसून आतल्या छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी ओढतो. त्याला नाव नाही, तोंडी एक शब्द नाही. दुपारी पंखा थांबतो, साहेब बूट फेकून मारतो, पंखा पुन्हा हलतो, संपलं. नंदिनीनं लिहिलं होतं की राज्यकर्त्याच्या नजरेला हा माणूस आळशीच दिसणार, आणि उलट बोलायला त्याच्याकडे भाषाच नाही.

दुरुस्तीसाठी हे वाक्य पुन्हा टाइप करताना नत्थूची बोटं थांबली. त्यानं दोन चहा मागवले. नेम मोडायचा तर निदान चहा तरी हवा.

"पोरी, तो आळशी नव्हता, आन मुकाबी नव्हता," तो म्हणाला. "माहा आजा कामठीले साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढे. दोरी पायाच्या अंगठ्याले बांधे. साहेब आत कोणाले शिव्या देऊन राहिला, का आजा अंगठा थांबवे. साहेब घामानं भिजला का याले बरं वाटे. बूट बसे पाठीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबवे."

नंदिनीचा चहा हातातच राहिला. "हे आधी काहून नाही सांगतलं, काका?"

"मी टाइप करतो वं. मले कोण विचारते?"

ती म्हणाली की अशा माणसांना कोणी विचारत नाही, हेच ती सहा वर्षं लिहीत होती. आणि सहा महिने त्याच्यासमोर बसून तिनंही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. नत्थूला फार वाईट वाटलं, आपण उगाच बोललो असं झालं.

पण पोरगी जिद्दीची. तिथंच स्टुलावर बसून तिनं अकरा पानं नव्यानं लिहिली. थांबलेला पंखा हेच त्या माणसाचं उत्तर होतं, आणि साहेबानं ते न समजताच कादंबरीत लिहून ठेवलं, असं तिनं मांडलं. खाली तळटीप दिली, 'नत्थू मेश्राम, टंकलेखक, यांनी सांगितलेली आठवण.' बाईंनी पानं वाचून एवढंच लिहिलं, 'हं. आता जमा करा.'

शुक्रवारी सकाळी बांधलेल्या प्रती घ्यायला ती आली. उभ्या उभ्या तिनं तिसरं प्रकरण उघडलं. तळटीप बदललेली होती. 'लहानू मेश्राम, पंखेवाला, कामठी, यांची आठवण. सांगणारा नातू.'

"काका, तुम्ही मजकुरात हात घातला."

"घातला," नत्थू म्हणाला. त्यानं टेबलावरच्या मगातली पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "चुकलं असंन तर टिंब कर."

नंदिनीनं पेन्सिल घेतली, आणि हळूच मगात परत ठेवली.