मागच्या काचेवरच्या टिकल्या

श्यामसुंदर या माणसाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही, आणि ही सहा वर्षं फार सुखाची गेली. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत तो तळमजल्यावर राहतो, मी दुसऱ्या मजल्यावर. पार्किंग अख्खं मोकळं असलं तरी त्याची स्कूटर माझ्या गाडीच्या मागेच लागते. सांगून उपयोग नाही हे कळल्यावर मी पाटी लिहिली. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे, अक्षर चांगलं आहे.

'येथे स्कूटर लावू नये. या गाडीच्या मालकास मागे वळून पाहण्याची सवय नाही.'

बाहेरून लावली तर तो फाडणार, म्हणून मागच्या काचेला आतून चिकटवली. चारही कडांना भरपूर डिंक लावून. जूनमध्ये त्याने सोसायटीच्या सभेत तक्रार केली. सभेला दुसरं काम नव्हतं, त्यामुळे ठराव लगेच झाला. मी पाटी काढली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पावसाची भुरभुर चालू असताना मी गाडी मागे घेतली आणि मंदाकिनीबाईंना धक्का लागला. त्या श्यामसुंदरच्या पत्नी. स्कूटरची ओली सीट पुसत होत्या. पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मंदाकिनीबाईंशी माझं भांडण कधीच नव्हतं. माझी पत्नी गेली तेव्हा पंधरा दिवस त्यांनी डबा पाठवला होता, नवऱ्याला न विचारता.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. काचेवर वाफ धरली होती. मागच्या काचेवर बारीक तांबूस रेघा असतात, त्या विजेवर तापतात आणि वाफ घालवतात. मी बटण दाबलं, बटणाचा दिवा लागला, वाफ गेली नाही. म्हणजे यंत्र बिघडलेलं होतं, आणि ते बिघडवलं होतं संभाजीने. मे महिन्यात डिकीचं कुलूप दुरुस्त करायला गाडी मांजरी गावात त्याच्या गॅरेजमध्ये दिली होती. काचेच्या तारा डिकीतूनच जातात. मी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, 'मांजरीच्या संभाजीकडे गाडी देणाऱ्यांनी परत येईल ती गाडीच असेल अशी अपेक्षा ठेवू नये.' इमारतीतल्या चार गाड्या त्याच्याकडे जायच्या, त्या जायच्या बंद झाल्या.

माझ्या मुलीने, हेमाने, गाडीची किल्ली काढून घेतली.

"बाबा, एकाहत्तर वय आहे. तुम्हाला दिसलं नाही."

"मला नाही. काचेतून दिसलं नाही."

"मग सिद्ध करा. संभाजीची चूक निघाली तर किल्ली परत देते. नाहीतर गाडी विकायची."

पोटच्या मुलीने अशी अट घालावी याचा मला संताप आला. पण अट सोपी होती, म्हणून मान्य केली.

रविवारी सकाळी संभाजी न बोलावता आला. हातात मीटर, कपाळावर आठी. श्यामसुंदर बनियनवर दारात येऊन उभाच राहिला. फुकटचा तमाशा तो सोडत नाही.

"सर, तुमी फळ्यावर लिवलं," संभाजी म्हणाला. "आता तपासनी बी सगळ्यांसमोर व्हनार."

"कर. हत्यारं तरी आणली आहेस का, की तीही माझ्याच डिकीत विसरला होतास?"

त्याने डॅशबोर्डखालचा फ्यूज काढून मला दाखवला. धड होता. हेमाला गाडी चालू करायला सांगून बटण दाबलं. दिवा लागला. मग डिकी उघडून काचेच्या दोन्ही कडांना, जिथे तारा येऊन जोडतात, तिथे मीटर लावलं. बारा व्होल्ट.

"डिकीच्या तारा बरोबर हायेत, सर. म्या हात लावला त्यो भाग हितवरच हाय. वीज काचंपतुर येती."

"मग काच का तापत नाही?"

"त्येच बघतो. ताई, टिकल्या हायेत का तुमच्याकडं?"

हेमाने पर्समधून टिकल्यांचं पाकीट दिलं. संभाजी मागच्या सीटवर गुडघे टेकून बसला आणि मीटरचं टोक एकेका रेघेवरून सरकवू लागला. चांगल्या रेघेवर आकडा या टोकाकडून त्या टोकाकडे हळूहळू उतरतो. तुटलेल्या रेघेवर तो बारावर अडून बसतो आणि तुटल्या जागी एकदम शून्य होतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. वरच्या तीन रेघा चांगल्या निघाल्या. चौथीवर त्याने लाल टिकली लावली. मग दुसऱ्या बाजूने तपासत आला आणि त्याच रेघेवर आणखी एक लावली. पाचवीवर दोन. सहावीवर दोन. मी सूचना देत होतो, त्या देणं मी आठवीपाशी थांबवलं. शेवटच्या दोन रेघा पुन्हा चांगल्या होत्या.

बारा टिकल्या झाल्या. सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा, आणि मध्ये एका कागदाएवढी जागा.

"या गाडीच्या मालकास," श्यामसुंदर दारातून म्हणाला, "मागे वळून पाहण्याची सवय नाही." मेल्याला पाटी तोंडपाठ होती.

"बाबा," हेमा म्हणाली, "पाटी कशाने काढली होतीत?"

"हाताने."

"बेसिनवर दाढीचं पातं होतं. डिंक लागलेलं. मी धुतलं."

डिंक सुटत नव्हता. सभेतून मी रागाने थेट खाली आलो होतो आणि कडांखाली पातं घालून खरवडत होतो. मंडल एका जागी तुटलं तरी प्रवाह थांबतो, हे मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं, आणि स्वतः ते बारा जागी तोडलं. कळलं मला लगेच. कबूल करायला मात्र जीभ वळेना.

"मीटर जुना बाजारातला दिसतो," मी म्हणालो. "वाफ धरून दाखव."

हेमाने वरून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं. काचा बंद करून ते मागच्या सीटवर ठेवलं. काच पांढरी झाली तसं पातेलं काढून बटण दाबलं. पाचेक मिनिटांत वरची पट्टी स्वच्छ झाली, खालचीही झाली. मधला भाग या कडेपासून त्या कडेपर्यंत तसाच पांढरा राहिला.

"वाफ जात नव्हती, ह्ये सरांचं खरं हाय," संभाजी म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर हे म्हणालो नसतो.

मी ते वाक्य पकडलं. "ऐकलंस, हेमा? चूक कोणाची का असेना, मला दिसत नव्हतं. मी एवढंच सांगत होतो."

"थांबा जरा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या मागून केव्हा बाहेर आल्या ते कळलं नव्हतं. हात गळ्यात बांधलेला. "यज्ञेश्वरराव, तुम्ही गाडीत बसा. मी त्या दिवशी होते तिथे उभी राहते."

"तिथे उभी राहू नकोस," श्यामसुंदर म्हणाला. हेमाने इंजिन बंद केलं, किल्ली मुठीत घेतली आणि मगच मला बसू दिलं. मी समोरच्या आरशात पाहिलं. वर त्यांच्या केसांचा थोडा भाग, खाली हिरव्या साडीच्या निऱ्या. मध्ये पांढरं. चेहरा नव्हता.

"दिसते का मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणून नाही दिसत. कोणीतरी आहे एवढं दिसतं."

"त्या दिवशीही एवढं दिसलं होतं?"

नाही म्हणालो असतो तर ते खोडून काढणारं जगात कोणी नव्हतं. हेमाने कदाचित किल्लीही दिली असती. मला ते पंधरा दिवसांचे डबे आठवले.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, श्यामसुंदर आहे. हटेल."

मंदाकिनीबाई पुढे येऊन माझ्या खिडकीशी थांबल्या.

"माझा गुडघा दुखतो, यज्ञेश्वरराव. मला पटकन हटता येत नाही," असं म्हणून त्या घरात गेल्या. श्यामसुंदरने स्कूटर स्टँडवरून काढली, ढकलत भिंतीकडेला नेली आणि तोही गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

संभाजी मीटरची वायर गुंडाळत होता. "सर, रेघा जोडता येतील. चंदेरी रंग मिळतो त्येचा. तासाभराचं काम हाय."

"नको," मी म्हणालो. "फळ्यावर जे लिहिलं ते चूक होतं."

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

हेमाने किल्ली पुढे केली नाही, मीही मागितली नाही. फळ्यावरची संभाजीची ओळ पुसली, खडू घेतला आणि लिहिलं.

'गाडी विकणे आहे. मागच्या काचेवर वाफ धरते. अपघाताच्या दिवशी मालकास दिसत होते.'

खाली नाव घातलं, आणि दुसरा मजला.