नवऱ्याची सही

सिनेमातला हिरो बायकोच्या अंगाला डॉक्टरचा हातसुद्धा लागू देत नाही. ती तापानं फणफणून मरते, मग हा तिच्या साड्या छातीशी धरून रडतो, आणि कोल्हापूरची पोरं शिट्ट्या मारतात. शेजारी माझे यजमान अमरसिंह रुमालानं डोळे पुसत होते. मी अंग चोरून बसले होते, कारण इंटरव्हललाच माझी साडी मागून भिजली होती.

गर्भाशयात गाठी आहेत. दोन वर्षं रक्त जातंय. "पिशवी काढावी लागेल, मिस्टरांची सही आणा," असं म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं तेव्हाच फॉर्म हातात दिला होता. तो कपाटात पडून आहे.

उठताना त्यांना डाग दिसला. लगेच स्वतःचं जॅकेट काढून त्यांनी माझ्या कमरेला बांधलं, अगदी हळुवार. बघणाऱ्या बायकांना माझा हेवा वाटला असेल. मला संताप आला.

"अहो, आता तरी सही करा," बावड्याच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडीवर मागून म्हटलं.

"येडी हाईस काय? पिशवी काढल्यावर बाईत ऱ्हातंय काय? मला तू हाईस तशीच पायजेस. बघितलंस न्हवं, त्येचं कसलं प्रेम हुतं!"

"ती मेली की हो."

"सिनेमा हाय त्यो," म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यावर गेल्यावर मी वहीची चार पानं त्यांची सही गिरवली. हात बसल्यावर फॉर्मवर ठोकली आणि दवाखाना गाठला.

तिथं आता त्रिशला मॅडम नावाच्या नव्या डॉक्टर होत्या. त्यांनी फॉर्म पाहिला.

"ही कुणाची सही?"

"यजमानांची," मी म्हणाले.

"त्यांची कशाला? ऑपरेशन तुमचं. सही तुमची लागते."

"पण नर्सबाई म्हणाल्या होत्या..."

"तशी पद्धत पडलीय. नियम नाही, कधीच नव्हता."

मला आनंद व्हायला हवा होता. नर्सच्या, नवऱ्याच्या आणि सगळ्यांत आधी माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटली. दोन वर्षं मी त्या सहीसाठी हातापाया पडले होते, रडले होते, उपास केले होते.

मी माझी सही केली, संयोगिता अमरसिंह. मॅडमनी रक्त तपासायला दिलं, आणि रिपोर्ट पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हिमोग्लोबिन पाच आहे. असं ऑपरेशन करता येणार नाही, आधी रक्त चढवावं लागेल. इतकी वाट का बघितलीत, ताई? दोन वर्षांपूर्वीच यायचं होतं."

"आलते की," मी म्हणाले.