बॉयलरचा हिरवा दिवा

आमच्या फॅकल्टीत पदवीचा प्रोजेक्ट कोणी लिहीत नाही, तो वारशानं मिळतो. वरच्या वर्षाचा मुलगा खालच्याला प्रोग्रॅम देतो आणि बदल्यात राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली नेतो. खालचा रंग बदलतो, नाव बदलतो आणि पदवी घेतो. यात फसवणूक कसली? चालत्या प्रोग्रॅमला हात लावू नये, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो.

वुकानच्या वाट्याला तळघरातल्या बॉयलरचा प्रोग्रॅम आला. त्या प्रोग्रॅमनं दाब मोजायचा आणि पडद्यावर दाखवायचा: मर्यादेत असेल तर हिरवा दिवा, वर गेला तर लाल. इमारतीत तो खरोखरच वापरात होता. दिवा कायम हिरवा, त्यामुळे खाली जाऊन बॉयलर बघायची वेळ कोणावरच येत नसे.

वुकानला पदवी याच आठवड्यात हवी होती. नोव्ही सादमधली नोकरी तिच्यावर अडकली होती. तरी या मुलानं एक अगोचरपणा केला. त्यानं प्रोग्रॅम वाचला.

दाब कितीही असो, दिवा हिरवाच लावायचा, असं सांगणारी एक ओळ त्यात होती. वर टीप होती: 'हात लावू नका.'

"काढतो," तो वर्गमैत्रीण दुन्याला म्हणाला.

"वेडा आहेस का रे? इतकी वर्षं सगळे पास झाले, ते काय मूर्ख होते?"

त्यानं काढली. दिवा लाल झाला.

सादरीकरण तळमजल्यावर होतं, बॉयलरच्या बरोबर वर. रिवाजाप्रमाणे वुकानच्या आईनं पाठवलेली चीजची गिबानिका, हॅम आणि राकियाचे पेले टेबलावर आधीच मांडले होते. परीक्षकांचं निम्मं लक्ष तिकडेच होतं.

"सर, दाब मर्यादेच्या वर गेलाय. बॉयलर बंद करायला हवा."

प्राध्यापक तादिया यांनी पडदा न्याहाळला. "काल कोणता दिवा होता?"

"हिरवा."

"आणि आज तू हात लावलास. मग बाळा, बिघडवलं कोणी?"

परीक्षक खुदखुदले.

"सर, बिघाड जुनाच आहे. दिसतोय आज. ती ओळ तिथे घातली तरी कोणी?"

"मी. माझ्या पदवीच्या सादरीकरणाच्या दिवशी दाबाचा सेन्सर बंद पडला होता, म्हणून." तादियांनी पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. "तात्पुरती."

कोणी हसलं नाही.

"परत घाल ती ओळ. दहापैकी दहा देतो. नाहीतर पुढच्या सत्रात ये."

"घाल ना रे," दुन्या कुजबुजली. "नोकरी जाईल."

वुकाननं खाली फरशीकडे पाहिलं, मग नोकरीचा विचार केला आणि ओळ परत घातली. दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

"आज काय छान ऊब आहे!" असं म्हणत एका परीक्षकानं कोट काढला आणि बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडली. सगळे टेबलाभोवती जमले. वुकान मात्र कोट घालून दाराशी उभा राहिला.

"अरे, बस की! दिवस तुझा आहे," तादिया म्हणाले.

"उभाच बरा आहे, सर." त्यानं दुन्याची बाही घट्ट धरली होती.

तादियांनी शुभेच्छा देण्यासाठी हात वर केला. खोली शांत झाली. पेल्यांना अजून कोणी हात लावला नव्हता.

टेबलावरचे पेले आपले आपणच एकमेकांवर किणकिणत होते.