करड्या ओळी

तिनं खिडकीचा पडदा वर सारला आणि तिची पाठ वळते न वळते तोच बोक्यानं तो पुन्हा खाली ओढला.

"ताई, उजेडात माझा स्क्रीन दिसेनासा होतो."

"आणि मला अंधारात जांभया येतात."

"तुला अंधार कुठला? तुझ्यापुढे तर ट्यूबलाइटच लावलीय." बोका आपल्या खुर्चीत परत गेला. पायांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा आणि जेवणानंतर बसल्या जागी डोळे मिटायचा, म्हणून सगळं ऑफिस त्याला बोका म्हणे. जाता जाता त्यानं रोजचा प्रश्न विचारून घेतला, "काय मग, आजचा पेपर आला का?"

पेपर म्हणजे तिचा स्क्रीन. पांढऱ्या जमिनीवर काळी अक्षरं, बाकी काही नाही. ऑफिसातले इतर सगळे स्क्रीन काळेभोर होते आणि त्यांवर हिरवे, केशरी, जांभळे शब्द चमकत असायचे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहायचा ते सॉफ्टवेअरच शब्दाशब्दाला रंग देई. आज्ञेचा रंग वेगळा, आकड्यांचा वेगळा. आणि ज्या ओळी कंप्युटरनं वाचायच्याच नाहीत, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा किंवा बंद करून ठेवलेले जुने तुकडे, त्या फिक्या करड्या. डोळ्यांनी त्यांच्यावरून घसरत पुढे जावं अशा.

तिचाही स्क्रीन पूर्वी तसाच होता. बाळंतपणानंतर काही महिने ती घरून काम करायची तेव्हा लेक मांडीवर असे. काळ्या काचेत लेकीला दुसरं बाळ दिसे. त्याला हाका मारणं, थापट्या मारणं, पापे घेणं असा सगळा पाहुणचार चाले. म्हणून तिनं स्क्रीन पांढरा केला. मग लेक केशरी शब्द चिमटीत पकडायला लागली. म्हणून तिनं सगळे रंगच काढून टाकले. लेकीनं त्या काळ्या-पांढऱ्या मजकुराकडे क्षणभर पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि झोपून गेली. आईचं काम सुरू झालं.

आता लेक दिवसभर आजीजवळ राहते, मांडी मोकळी आहे. रंग मात्र तिनं परत आणले नाहीत. रंग असताना आपण नुसतं बघत होतो आणि आता पहिल्या ओळीपासून वाचतो, हे तिला मध्येच केव्हातरी कळलं होतं. हे कोणाला सांगायला जावं तर हसतील, म्हणून ती बोलली नव्हती. तशीही हसतच होती मंडळी.

हसण्यावारी गेलं असतं तर प्रश्न नव्हता. पण ऑफिसचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, त्यानं ती रजेवर असताना एक नियम केला होता. इथे दोघादोघांनी एका स्क्रीनपुढे बसून काम करायची पद्धत. पहिला पाऊण तास रंगांवरून आणि अक्षरांच्या आकारावरून भांडण्यात जाई. म्हणून सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरायचं, एकच काळं रूप ठेवायचं, असं ठरलं. भांडणं थांबली. ती परत आली ती हा पेपर घेऊन.

सोमवारी कप्तानानं तिला बाजूला बोलावलं होतं. चहाचा कप उगाच दोन्ही हातांत फिरवत तो म्हणाला,

"तुझ्या शेजारी बसायला कोणी तयार नाही गं. डोळे दुखतात म्हणतात."

"मी प्रकाश कमी करते."

"प्रश्न प्रकाशाचा नाही. सगळ्यांचं एक आणि तुझं एक, असं किती दिवस चालवायचं? या आठवड्यात बदलून टाक. नाहीतर..." त्यानं कपात पाहिलं. "मदतीच्या फोनवर जागा रिकामी आहे. तिथे स्क्रीन कसाही चालतो. आणि वेळ ठरलेली, बाळाच्या दृष्टीनं बरंच आहे ते."

बाळाच्या दृष्टीनं. मदतीच्या फोनवर बसायचं म्हणजे दिवसभर त्यांचे प्रोग्राम वापरणाऱ्या दवाखान्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि पुढे कळवायच्या. प्रोग्राम लिहिणं संपलं. इथून तिकडे गेलेलं माणूस परत आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी तिनं मनापासून प्रयत्न केला. स्क्रीन काळा केला, रंग चढवले. कामात चित्त लागायच्या आधी काचेत स्वतःचंच तोंड दिसलं: विसकटलेले केस, खांद्यावर लेकीच्या दुधाचा डाग. डोळे एका हिरव्या शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले. संध्याकाळी हिशेब लावला तर हाताशी काहीच आलं नव्हतं. निघताना तिनं पेपर पुन्हा पांढरा केला.

घरी सासूबाई नातीला मऊ भात भरवत होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या,

"अगं, त्यांना काळा हवा तर काळा कर. स्क्रीन काय तुला घरी आणायचाय?"

"आई, मला वाचता येत नाही त्यात. दिसतं सगळं, पण वाचलं जात नाही."

सासूबाईंचा घास हवेतच थांबला. नातीनं तो पुढे होऊन स्वतःच पकडला आणि निम्मा नाकाला फासला.

"मग नको करूस," त्या म्हणाल्या. "फोनवर बसवतायत तर बसवू देत. पण आपणहून नको करूस."

गुरुवारी सकाळी मदतीचे फोन वाजायला लागले ते थांबेचनात. आईबाळांचं एक रुग्णालय याच आठवड्यात त्यांचा प्रोग्राम वापरू लागलं होतं. काम साधं होतं. पेशंटनं फोन करायचा, काउंटरवरच्या मुलीनं नाव आणि फोन नंबर घालायचा, डॉक्टरांच्या यादीत त्या नावाला वेळ मिळायची. पण आया बाळांना घेऊन येत होत्या आणि यादीत नावच सापडत नव्हतं. कोणाचं सापडे, कोणाचं नाही. काउंटरवर रडारड, पाळण्यात रडारड.

"दुपारपर्यंत सापडलं नाही तर ते आपला प्रोग्राम काढून टाकणार," कप्तानानं जाहीर केलं. "सगळे इकडे या."

सगळे बोक्याच्या स्क्रीनभोवती जमले, कारण तो सगळ्यांत मोठा. प्रोग्रामची चाचणी घेणाऱ्या बाईही आपला डबा बाजूला सारून आल्या. चुका शोधून काढण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, म्हणून त्यांचं नाव इन्स्पेक्टर. तीही मागे उभी राहिली, पण एवढ्या खांद्यांमधून तिला फक्त एक कोपरा दिसला.

तिच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच काही होतं. बाळाला अंघोळ घालायची, दूध पाजायचं, ते त्यानं अंगावर ओकलं की दोघांचेही कपडे बदलायचे, पिशवी भरायची, दुपटं विसरलं म्हणून जिन्यातून परत यायचं. एवढं करून काउंटरवर पोचावं आणि कोणी म्हणावं, तुमचं नाव नाही. तिनं हातातल्या पेनाचं टोपण इतकं दाबलं की ते तुटलं.

"एकाच फोनवर दुसरं नाव आलं की पहिलं उडवायचं, असा आपला जुना नियम होता ना?" इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "दातांच्या दवाखान्यांसाठी केलेला? लोक दोनदोनदा नाव नोंदवायचे म्हणून?"

"तो बंद केलाय," कप्तान म्हणाला. "हे रुग्णालय यायच्या आधीच. बोक्याला सांगितलं होतं."

"बंदच आहे," बोका म्हणाला. "हे बघा ना. सगळ्या ओळी करड्या."

सगळ्यांनी पाहिलं. करड्याच होत्या. कप्तानानं मान हलवली आणि मजकूर पुढे सरकवला.

ती पाय न वाजवता आपल्या खुर्चीकडे गेली. तोच मजकूर तिनं आपल्या पेपरवर उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, लेकीला गोष्ट वाचून दाखवावी तशी, ओठ हलवत. मध्यावर ती थबकली. मागे गेली. पुन्हा वाचलं.

"या ओळी चालू आहेत," ती म्हणाली.

कोणी वळून पाहिलं नाही.

"कप्तान, जुना नियम चालू आहे."

"ताई, बंद आहे गं," बोका म्हणाला. "करडं दिसत नाही का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे करडं नाहीच."

यावर दोघंतिघं हसले. इन्स्पेक्टरबाई हसल्या नाहीत. त्या तिच्या टेबलापाशी आल्या, पांढऱ्या उजेडात डोळे किलकिले केले आणि म्हणाल्या, "दाखव बरं."

तिनं बोट ठेवलं. वरच्या बाजूला कोणीतरी बाळांच्या फोटोंच्या फोल्डरचा पत्ता लिहिला होता, नीट अवतरणचिन्हांत. त्या पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ आणि एक चांदणी, /* अशी. ही जोडी नुसती आली तर अर्थ असा की इथून पुढे टीप आहे, कंप्युटरनं वाचू नये. अवतरणचिन्हांच्या आत आली तर तिला काही अर्थ नाही. कंप्युटरला हे कळतं. रंग देणाऱ्या सॉफ्टवेअरला कळलं नव्हतं. चांदणी दिसताच त्यानं खालचा सगळा मजकूर करड्या रंगात बुडवून टाकला होता, आणि त्या करड्याखाली जुना नियम मजेत काम करत होता.

"म्हणजे दिसायला मेलेला, पण..." इन्स्पेक्टरबाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

"थांबा, करूनच दाखवते."

तिनं चाचणीच्या यादीत एका आईचं नाव घातलं आणि एक फोन नंबर. नाव यादीत आलं. मग, दोघांनाही तपासायचं असलं की काउंटरवर घालतात तसं, त्याच नंबरावर बाळाचं नाव घातलं. आईचं नाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं.

आता मात्र सगळे तिच्या खुर्चीमागे होते. कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय दिला. कप्तान पुढे वाकला, नाक स्क्रीनला टेकेल इतका.

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. आई पुन्हा गेली, बाळ राहिलं.

"मी उघडलं होतं हे," बोका हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बंद करायलाच उघडलं होतं. करडं दिसलं. वाटलं, कोणीतरी आधीच केलंय. झालं म्हणून कळवून टाकलं."

"मीही त्यानंतर पाहिलं होतं," कप्तान म्हणाला.

"मीपण," आणखी कोणीतरी म्हणालं.

"आणि मी," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकायची कोणाला सवय नव्हती. "सगळ्यांनी पाहिलं. एकाच चष्म्यातून."

तिनं त्या ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या. बंद करून ठेवल्या नाहीत, समूळ काढल्या. पुन्हा आई घातली, पुन्हा बाळ घातलं. दोन्ही नावं एकाखाली एक उभी राहिली. कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या खोलीनं. बोका खुर्चीवर चढून ओरडला, "पेपरात बातमी आली हो! पहिल्या पानावर!" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं तिनं सगळ्यांना वाटू दिलं.

नवा प्रोग्राम रुग्णालयात पोचला. पुसली गेलेली नावं जुन्या नोंदींमधून परत बसवायचं काम तिनं आणि बोक्यानं मिळून केलं. काउंटरवरच्या मुलीचा शेवटचा फोन आला तेव्हा मागे एक बाळ टाहो फोडत होतं. "यांचं नाव आलं बरं का यादीत," ती मुलगी त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली.

तिनं पर्स उचलली तेव्हा कप्तान तिच्या टेबलापाशी आला.

"मदतीच्या फोनचं विसरून जा," तो म्हणाला. "ती गोष्ट मी काढलीच नव्हती असं समज. उद्यापासून सगळ्यांचे रंग बंद. पांढरं-काळं, तुझ्यासारखं. मी आत्ताच सगळ्यांना कळवतो."

ती पर्सचा पट्टा खांद्यावर चढवता चढवता थांबली. आठवडाभर जे ऐकायची स्वप्नंसुद्धा पाहिली नव्हती ते आयतं समोर आलं होतं. बोका मागून बघत होता. त्याचा चेहरा आताच लिंबू चोखल्यासारखा झाला होता.

"नको," ती म्हणाली.

"अगं, तुझंच तर..."

"माझं मला राहू दे. त्यांना का?" तिनं खोलीकडे पाहिलं. "कधीतरी माझंही काहीतरी सुटेल की. ते कोणाला दिसणार मग?"

कप्तानानं डोकं खाजवलं. ती जिना उतरून गेलीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी तिला यायला जरा उशीर झाला. लेकीनं बूट लपवला होता. दारातून आत येते तर काय, खोली ओळखू येईना. बोक्याचा स्क्रीन काळाच होता, पण त्यावर नुसती हिरवी अक्षरं, आणि तो त्यांच्याकडे प्रेमानं बघत बसला होता. इन्स्पेक्टरबाईंनी अक्षरं एवढी मोठी केली होती की त्यांच्या स्क्रीनवर जेमतेम एक परिच्छेद मावत होता, आणि त्या आयुष्यात प्रथमच खुर्चीला टेकून बसल्या होत्या. एकाचा आभाळासारखा निळा होता. आणि कप्तानाचा ताज्या लोण्यासारखा फिकट पिवळा.

"हे काय?" ती म्हणाली.

"माझं जुनं आहे," कप्तान जरासा ओशाळून म्हणाला. "डोकं दुखत नाही यात."

"मग काळ्याचा नियम तुम्हीच केला होता ना?"

"मी एकट्यानं नाही. सगळ्यांची मतं घेतली होती. ज्याला कोणाचीच हरकत नाही असं तेवढं एकच निघालं."

"पण आवडत होतं कोणाला?"

कप्तानानं मान वळवून खोलीभर पाहिलं. बोक्यानं इन्स्पेक्टरबाईंकडे पाहिलं, बाईंनी निळ्याकडे. कोणाचाच हात वर झाला नाही. मग कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू या टेबलावरून त्या टेबलावर पसरत गेलं.

तिनं आपला स्क्रीन सुरू केला. पांढरा उजेड टेबलावर सांडला. मागे खुर्चीची चाकं वाजली. कप्तान आपली खुर्ची ओढत आणून तिच्या शेजारी बसला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाला,

"हं. वाच पहिल्यापासून. मी ऐकतोय."