शेंदराखालचा आकडा

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याकडच्या एका उतारावर उभा. माझ्या अलीकडे गावाची भातखाचरं, पलीकडे सरकारी रान. पाथरवटाने मला घडवलं, अंगावर हद्दीचा आकडा कोरला आणि वनखात्याने इथे रोवलं. काम एकच होतं. इथून पुढे कुऱ्हाड चालणार नाही, हे सांगत राहायचं.

मित्रांनो, ते काम मी इमानाने केलं. लोक मला मानू लागले. इतके, की कुणीतरी मला शेंदूर फासला आणि मग दर अमावास्येला तेल-शेंदूर, नारळ सुरू झाले. गुरं राखणारी बनाबाई माझ्या पाया पडल्याशिवाय रानात पाऊल टाकत नसे. पुटावर पुटं चढली, आकडा त्याखाली गडप झाला. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची जमीन एका प्लॉटवाल्याने घेतली. त्याचा जेसीबी माझ्या बाजूने बेधडक रानात घुसला. हिरडे गेले, जांभळी गेल्या, झऱ्यावर मुरूम पडला. त्याच झऱ्यावर बनाबाईची गुरं पाणी पीत. माझ्या अंगाची आग आग झाली, पण मला जागचं हलता येईना.

बनाबाईने वनरक्षक अजितला बोलावून आणलं. त्याने जेसीबी थांबवला, पंचनामा सुरू केला. तेव्हा प्लॉटवाल्याचा मुकादम हसला. "साहेब, हद्दीचा दगड दाखवा की. ह्यो तर देव हाय. देव कुठंबी बसतो!"

अजितने माझ्याभोवती फेरी मारली. आकडाच दिसत नाही, तर हद्द कुठली लिहिणार? जमलेल्या गावकऱ्यांतल्या म्हाताऱ्या गेनबाने हात जोडले. "शेंदूर खरवडू नका, गावाला बाधा हुईल."

"झरा बुजला, आजून कंची बाधा ऱ्हायली?" म्हणत बनाबाईने विळा काढला. आधी ती माझ्या पाया पडली, मग खरवडू लागली. शेंदराच्या खपल्या निघाल्या आणि आकडा उघडा पडला.

मुकादमाचा चेहरा उतरला. "चुकून झालं ओ, मावशी."

"चुकून एखादं झाड जातं, रान न्हाई!"

अजितने लिहिलं, जेसीबी जप्त, ड्रायव्हर ताब्यात. पंच म्हणून सहीसाठी त्याने कागद बनाबाईपुढे धरला.

"मालकाचं नाव कुठं हाय?" तिने विचारलं.

"तो पुण्याला असतो, मावशी. त्याचं पुढं बघू."

"पुढं न्हाई, आत्ताच लिवा. यंत्राला कसली सजा करता? डायवर रोजावर आलाय. ज्यानं रान कापाया लावलं, त्याचं नाव पडल्याबिगर म्या सही करायची न्हाई!"

ती तिथेच मांडी घालून बसली. थोड्या वेळाने गेनबाही तिच्या शेजारी बसला. ऊन कललं तरी दोघं उठेनात. शेवटी अजितने मुकादमाकडून मालकाचं पूर्ण नाव वदवून घेतलं आणि आरोपींमध्ये सगळ्यात वर लिहिलं. मगच सही झाली.

मित्रांनो, झाडं परत उभी राहिलेली नाहीत आणि माझा राग शमलेला नाही. तुमच्या गावातलं रान कुणी आडवं केलं आणि यंत्र पकडलंय, आता घरी जा, असं तुम्हाला सांगितलं, तर जागचे हलू नका. मालकाचं नाव विचारा.