ओरड्याचं कुलूप

मी ओरड्या बोलतोय. साधासा स्मार्टफोन आहे, कोपऱ्याचा टवका उडालेला. हे नाव मला आईने दिलं. आई म्हणजे माझ्या मालकाची आई.

मालक फोन दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाचा फोन हातात आला की पहिला प्रश्न, "कुलूप तोडलंय का याचं?" कंपनी आम्हाला आतून कुलपं घालूनच पाठवते. हे करू नको, ते करू नको. कुलूप तोडलेला फोन मालक जपून हाताळायचा.

आईला साखरेचा आजार. दंडावर बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं असायचं. साखर एकदम उतरली की ते मला सांगायचं आणि मी वाजायचो. पण आईची उमर शिलाईच्या कारखान्यात गेलेली. तिथल्या घरघरीने कान नेले होते.

"आई, वाजतोय बघ!"

"मग उचल की. कोणाचा आहे?"

कंपनीने ठरवल्यापुढे माझा आवाज चढेना. शेवटी एका रविवारी मालकाने माझं कुलूप तोडलं. मग वाजलो, तर वाटीतल्या टाचण्या थरथरल्या.

"बंद कर मेल्याला! केवढा ओरड्या आहे हा!" आई दचकली आणि मग हसत सुटली.

पुढे कितीदा तरी मी ओरडलो. आई उठून साखरपाणी प्यायची आणि बाहीने माझी काच पुसायची.

मग एका दुपारी साखरेचं ॲप आपोआप नवं झालं. नव्याला शिकवूनच पाठवलं होतं, आधी फोनचं कुलूप तपास. त्याने तपासलं. मला खोटं बोलता येत नाही. काचेवर बारीक अक्षरं आली, 'या फोनचं कुलूप तोडलेलं आहे. आपल्या सुरक्षेसाठी ॲप बंद करत आहोत.'

आईचा चष्मा शिलाई मशीनवर राहिला होता. "बरं बाबा, बरं," म्हणत तिने 'ठीक आहे' दाबलं, मला उशाशी ठेवलं आणि आडवी झाली.

दंडावरचं यंत्र सांगत राहिलं असेल. मी तिच्या कानापासून वीतभर लांब होतो. घर हलेल एवढा आवाज पोटात घेऊन पडलो होतो.

संध्याकाळी मालक आला. "आई, चहा टाकू का?" त्याने दिवा लावला. "आई?"

बऱ्याच दिवसांनी त्याने मला दुकानात नेलं आणि माझं कुलूप तपासलं. तुटलेलं. पुन्हा तपासलं. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "अरे, तूच तोडलंस ना? मग काय बघतोस?" मालकाने माझ्या आतलं सगळं पुसून माझी कुलपं परत बसवली, होती तशी.

माझं मागणं एवढंच आहे. आम्हाला गप्प करायचंच असेल तर करा, पण ते माणसाला ऐकू जाईल असं सांगून करा.

आता मी मशीनच्या खणात असतो. मालक रोज मला चार्ज करतो, साखरेचं ॲप उघडतो. ते तपासतं आणि मुकाट उघडतं. काचेवर अक्षरं येतात, 'दंडावरचं यंत्र शोधत आहोत. कृपया फोन जवळ ठेवा.'

तो मला तिच्या उशीवर ठेवतो.